हळदीचा कागद

जानेवारीत मीटर बंद पडलं.
बेळगावहून माणूस येईपर्यंत
आमच्याकडे कायतानचं नाक होतं.

कायतान एकवीस वर्षं कुटबणच्या बर्फ कारखान्यात.
अमोनियाच्या नळ्यांशेजारी जेवला, तिथेच झोपला,
एकदा गळती झाली तेव्हा डोळे मिटून, हाताने चाचपत
व्हॉल्व बंद करून आला.
आता वाळपईला, आमच्या काजू फॅक्टरीत,
टरफलांच्या गॅसवर इंजिन चालतं
त्याच्या रात्रपाळीला मी त्याच्यासोबत.

गॅस हुंगायचा नाही, हे त्यानेच शिकवलं.
त्यात बिनवासाचं मरण असतं.
तो पाणी हुंगायचा,
मनोऱ्यात वरून फवारलेलं, गॅस धुऊन खाली आलेलं,
ओंजळ नाकापासून वीतभर लांब.
"आयलो गे," म्हणायचा, "म्हातारो आयलो."

म्हातारा टरफलातून थोडाच येतो.
पण सोलाई खात्यातून शेवंतीबाय
बियांची लाल फोलपटंही पोत्यात भरून धाडायची,
टाकायची कुठे म्हणून,
आणि त्या रात्री गॅस जड व्हायचा.
जाळला तर धुराड्यातून तपकिरी धूर,
न जाळता राहिला तर पितळेवर
मोरपिशी बुरशीसारखं काहीतरी.
तीन महिन्यांत दोन व्हॉल्व खाल्ले त्याने.

बापाच्या भाटीवर मी लहानपणी
लावणीच्या मडक्यावर करटीने पाणी ओतत बसायची.
वाफ सहजासहजी ऐकत नसे.
हात दुखून यायचे तेव्हा कुठे पहिला थेंब.
अमोनियाला असली मनधरणी लागत नाही.
पाणी दिसलं की शिरला आत,
माहेरी आल्यासारखा.

म्हणून पहिले काही दिवस आम्ही खूश.
मग मागच्या खड्ड्याकडे गेले
तर डोळ्यांत पाणी.
वास गेला नव्हता,
फक्त एक मजला खाली उतरला होता.
खड्ड्यापलीकडे ओहोळ, ओहोळापुढे म्हादई.
शेठ म्हणाले, चवथ होऊ दे, मग बघू.

त्या रविवारी आई धोंडीवर बापाचा सदरा घासत होती.
हुमणाचा डाग, पिवळा,
साबण लागला तसा कुंकवासारखा लाल झाला.
आयुष्यभर पाहिलेली गोष्ट.
त्या दिवशी मात्र मी उभीच राहिले, बादली हातात.

वहीचं पान फाडलं.
हळद हुर्राकात कालवली, पान बुडवून
दोरीवर वाळत घातलं, पट्ट्या कापल्या.
खड्ड्यावर धरली: लाल.
मनोऱ्यातून पडणाऱ्या पाण्यावर: लाल.
विहिरीवर: पिवळी. देवा, पिवळी.

मग दुसरी टाकी आली, तेजाबाची,
थेंब थेंब सोडायची,
कागद पिवळा होईस्तोवर.
तळाला मीठ बसतं. पुस्तकात पांढरं लिहिलंय,
आमचं काळपट, डांबराचा अंश घेतलेलं.
शेवंतीबाय म्हणाली, खतच ना ते, दे माडांना.
मी म्हटलं नको, फोंड्याहून तपासून येऊ दे.
तिने मूठभर नेलंच, मोरीमागच्या मिरचीला घातलं.
मिरची मेली नाही. एवढंच सांगते.
फळलीही नाही अजून.

परवा रात्री पाऊणला
कायतानने ओंजळ वर नेली,
पुन्हा नेली, या वेळी नाकाला टेकवून.
"आज ना," म्हणाला. "आज म्हातारो ना."
माझ्या बोटांत पट्टी लाल होती,
नुकत्या कापलेल्या बिटासारखी.

मी तेजाबाचा नळ अर्धा आटा सोडला.
तो चहा ओतत होता, दोन्ही कपांत
साखर जरा जास्तच.

सकाळी बसमध्ये खिशात हात घातला.
अमोनिया उडून जातो, कागद पूर्ववत होतो.
पट्टी पिवळी होती,
जणू काही झालंच नव्हतं,
जणू कायतानच बरोबर.